मोहोळ उठले, तर थांबू नका

गडावरच्या कड्याखाली किंवा उंच टाकीखाली काळपट पडदा लोंबताना दिसला, तर ते बहुधा आग्या मोहोळ असते. ढोलीत राहणारी सातेरी माशी त्यामानाने शांत. आग्या माशी उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते आणि डिवचली की झुंडीने तुटून पडते. पोळ्यावरून लाटा सरकताना दिसल्या, तर तो इशारा समजून मागे फिरावे. धूर, दगड आणि उग्र अत्तर टाळावे.

डंख मारल्यावर काटा त्वचेत राहतो आणि त्याचा वास इतर माश्यांना बोलावतो. म्हणून माश्या मारत उभे राहू नये. नाक-तोंड झाकून पळावे, खोली किंवा गाडी गाठून दारे-खिडक्या लावाव्यात. पाण्यात उडी मारू नये. माश्या वर घोंघावत राहतात.

सुरक्षित जागी पोहोचताच काटे काढावेत. खरवडा किंवा ओढा, पण लगेच. विषाची पिशवी विष सोडतच असते.

अ‍ॅलर्जी असेल, तर एक डंखही जिवावर बेततो. अंगावर गांधी, जीभ-ओठांना सूज, धाप किंवा चक्कर आल्यास १०८ला फोन करावा. चुना, हळद लावण्यात वेळ घालवू नये. अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन वेळेत मिळणे महत्त्वाचे. डंख बरेच असतील, तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात दाखवावे. मूत्रपिंडांवरचा परिणाम एक-दोन दिवसांनीही दिसतो. लघवी काळपट किंवा कमी झाली, तर अजिबात थांबू नये.