चिमटा ज्याच्या हाती

बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात लाकडी चिमटे होते, दोरीवर कपडे वाळत घालायचे तसलेच. प्रत्येकाच्या पाठीवर लाल ऑइलपेंटने आकडा घातलेला: १७, २४, ४४, ५३. बोटांनी घासून घासून रंग उडत चालला होता. "हा चव्वेचाळीस माझा," म्हणत काकांनी त्यातला एक उचलला आणि सवयीने शर्टाच्या खिशाला लावला. "हा खिशाला नसेल तर रेडिओला हात लावायचा नाही. पस्तीस वर्षांत एवढा एक नियम मी मोडलेला नाही."

नवी मुंबईच्या विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. संपादकांना त्या मोठ्या विमानांवर लेख हवा होता. माझ्या डोक्यात मात्र दुसराच प्रश्न घोळत होता. रविवारी सकाळी पनवेलच्या आसपासच्या मोकळ्या रानात हाताएवढी, फार तर दाराएवढी विमानं उडवणारी माणसं दिसायची. धावपट्टी इतकी जवळ आल्यावर ती गेली कुठे? विचारत विचारत जुन्या पनवेलमधल्या या घरी पोचले. काकांनी तळोज्याच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून नोकरी केली. नाव छापू नका, एवढीच त्यांची अट होती. बाकी सगळं त्यांनी उघडून दाखवलं, अगदी स्क्रू काढून.

मागच्या खोलीत विमानं भिंतीला पंख टेकून उभी होती. बाल्साच्या लाकडाचे सांगाडे, त्यावर ताणून बसवलेलं कापड, आणि सगळीकडे चिकटद्रव्याचा वास. टेबलावर दोन रेडिओ शेजारी शेजारी ठेवले होते. एक ७२ मेगाहर्ट्‌झचा, एका नातेवाइकाने अमेरिकेतून आणलेला, मीटरभर लांबीची दुर्बिणीसारखी उघडणारी अँटेना असलेला. दुसरा २.४ गिगाहर्ट्‌झचा, बोटभर अँटेनाचा, पडद्यावर आकडे दाखवणारा. काकांच्या मोठ्या ग्लायडरमध्ये अजून जुन्याचाच रिसीव्हर होता. तो बदलायचा की नाही, हा वाद घरात दोन वर्षं चालू होता. वाद घालणारी म्हणजे त्यांची नात, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली.

या छंदाचा इतिहास थोडक्यात सांगते. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस रेडिओवर चालणारं 'गफ' नावाचं मॉडेल उडवलं. पुढे बरीच वर्षं विमानात पिळलेल्या रबराच्या जोरावर फिरणारी खिट्टी असायची. बटण एकदा दाबलं की सुकाणू उजवीकडे, दोनदा दाबलं की डावीकडे. हाताने जेवढी कळ वळवावी तेवढंच सुकाणू वळेल, ही आज साधी वाटणारी गोष्ट १९६०च्या दशकात रुळली. काकांचा जुना संच त्याच वंशातला.

त्याचं पोट उघडल्यावर मी खरी रमले. मधोमध नखाएवढी चकचकीत पत्र्याची डबी होती. तो क्रिस्टल. आत क्वार्ट्‌झची पातळ चकती असते. ती एकाच ठरलेल्या कंपनाने थरथरते आणि रेडिओची लहर त्यावरून ठरते. ७२ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ११ ते ६० असे पन्नास चॅनेल, दोन चॅनेलमध्ये २० किलोहर्ट्‌झचं अंतर. चॅनेल बदलायचा तर ट्रान्समीटरचा क्रिस्टल उपटून दुसरा बसवायचा, आणि त्याचा जोडीदार विमानातल्या रिसीव्हरमध्ये. काकांकडे असे क्रिस्टल होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटल्यांत ठेवलेले आहेत.

रेडिओ जे बोलतो तेही फार साधं आहे. सेकंदात सुमारे पन्नास वेळा तो स्पंदांची एक माळ पाठवतो. माळेतला एकेक मणी म्हणजे एकेक कळ. मणी दीड मिलिसेकंदाचा असेल तर सुकाणू मध्यावर, एक मिलिसेकंदाचा असेल तर एका टोकाला, दोनचा असेल तर दुसऱ्या टोकाला. काकांनी रिसीव्हर चालू केला, सर्वो, म्हणजे सुकाणू वळवणारी छोटी मोटर, माझ्या तळहातावर ठेवला आणि कळ अगदी केसभर हलवली. सर्वोचा हात केसभर वळला. मग त्यांनी ट्रान्समीटरची अँटेना मिटवली, तो घेऊन अंगण ओलांडून पार फाटकाबाहेर गेले आणि नातीला म्हणाले, "आता कानस घास गं." तिने रिसीव्हरच्या वायरीशेजारी लोखंडावर लोखंड घासलं. माझ्या तळहातावरचा सर्वो दचकला. पुन्हा घासलं, पुन्हा दचकला.

"बघितलंत?" काका परत येत म्हणाले. "लोखंडाला लोखंड घासलं तरी याला ऐकू जातं. म्हणून विमानात सळईला सळई लागू द्यायची नाही, मध्ये प्लॅस्टिक घालायचं. पण हा दचकतो ना, तो सांगतो. लांब गेलं की विमान अंग झटकतं. आपण ओळखायचं, फार झालं, परत फिरा."

आता चिमट्यांची गोष्ट. दोन रेडिओ एकाच चॅनेलवर चालू झाले तर हवेतलं विमान दोघांचंही ऐकत नाही, कोसळतं. म्हणून मैदानावर एक फळी असायची, तिला चिमटे लावलेले. ज्याला उडवायचं त्याने आपल्या आकड्याचा, म्हणजे चॅनेलचा, चिमटा काढून घ्यायचा, विमान उतरलं की परत लावायचा. तुमच्या आकड्याचा चिमटा दुसऱ्याच्या खिशाला दिसला तर गवतावर बसून राहायचं. काकांनी एकदा आपलं विमान असंच गमावलं. मैदानामागच्या रस्त्यावर एका मुलाने नवा घेतलेला रेडिओ सहज चालू करून पाहिला होता. काकांचं विमान दीडशे फुटांवरून नाक खाली घालून आलं. त्या मुलाला रागावले नाहीत, पुढच्या रविवारी त्याला चिमट्याची फळी दाखवायला घेऊन गेले. तोच पुढे त्यांचा उडवण्यातला जोडीदार झाला. या फळीभोवती बसून कितीतरी लोक एकमेकांच्या विमानांचे पंख दुरुस्त करायला शिकले, आणि मला वाटतं जुन्या रेडिओचं खरं देणं हेच होतं.

२.४ गिगाहर्ट्‌झने फळी संपवली. आपल्या देशात हा पट्टा २००५ साली कमी शक्तीच्या वापरासाठी परवान्याविना मोकळा झाला आणि त्याच सुमारास या पट्ट्यातले मॉडेल विमानांचे पहिले रेडिओ जगाच्या बाजारात आले. नवा रेडिओ एका लहरीवर थांबत नाही. ठरलेल्या क्रमाने तो सेकंदात कित्येक वेळा एका लहरीवरून दुसरीवर उडी मारतो आणि रिसीव्हर त्याच क्रमाने मागे उड्या मारतो. ही कल्पना विमानांहून कितीतरी जुनी. १९४२ साली हेडी लमार ही सिनेनटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांनी तिचं पेटंट घेतलं होतं. शत्रूला पाणतीराचा संदेश बिघडवता येऊ नये म्हणून आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या छिद्रांच्या गुंडाळीसारखी गुंडाळी वापरून ८८ लहरींवर उड्या मारायच्या, अशी त्यांची योजना.

नात 'बाइंड' करणं समजावत होती. नवीन रिसीव्हर पहिल्यांदा चालू करताना त्याला आपल्या ट्रान्समीटरची खूण एकदा शिकवायची, मग तो दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. मैदानात दहा जण एकाच वेळी उडवू शकतात. लहरीची लांबीही चार मीटरवरून साडेबारा सेंटीमीटरवर आली. म्हणून शेपटीपर्यंत लोंबणारी मीटरभराची वायर गेली आणि ३१ मिलिमीटरचा मिशीसारखा तुकडा आला. तिचा स्वतःचा संच आणखी पुढचा, एक्स्प्रेसएलआरएसचा. त्याचा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला आहे. जगभरातले हौशी लोक तो सुधारत असतात आणि भारतातल्या ८६६ मेगाहर्ट्‌झच्या मोकळ्या पट्ट्यासाठी त्यात वेगळी सोयही ठेवलेली आहे.

मग काका अडून का बसले होते? त्यांचं म्हणणं ऐकल्यावर हट्ट म्हणून सोडून देता येईना. नवा रेडिओ दचकत नाही. शेवटच्या क्षणापर्यंत तो अगदी स्वच्छ चालतो, आणि तुटला की एकदम तुटतो. शिवाय ही लहर आखूड, माणसाच्या अंगालाही अडते. उडवणाऱ्याने पाठ फिरवली, विमानाच्या पोटात कार्बन फायबर असलं, अँटेनाचं टोक नेमकं विमानाकडे रोखलं गेलं, की संदेश क्षीण होतो. सगळ्यात वाईट म्हणजे वीज. रिसीव्हरच्या आत आता छोटा संगणक आहे. सगळे सर्वो एकदम जोर करू लागले आणि बॅटरी क्षणभर खाली बसली की तो बंद पडून पुन्हा सुरू होतो. सुरुवातीच्या काही संचांना पुन्हा जोडलं जायला काही सेकंद लागत. जमिनीकडे येणाऱ्या विमानाला तेवढे सेकंद फार होतात.

नातीचं उत्तर एका वाक्याचं होतं. "आजोबा, तुमचा रेडिओ दचकून सांगतो, पण ते रस्त्यावरच्या माणसाला नाही सांगत."

माझं मत तिच्या बाजूने आहे. जुना रेडिओ सभोवतालच्या प्रत्येकाच्या शहाणपणावर अवलंबून असतो, आणि आजच्या पनवेलमध्ये मैदानामागच्या रस्त्यावर कोण काय चालू करेल हे कुणाला ठाऊक नाही. दोन किलोचं ग्लायडर माणसांच्या डोक्यांवरून जात असताना संदेश तुटला तर सर्वोंनी काय करायचं हे आधी ठरवून ठेवता येतं, याला 'फेलसेफ' म्हणतात, आणि काकांच्या जुन्या संचात ते नाही. शनिवारी रात्री काकांनीच ग्लायडरचं पोट उघडलं. जुनी वायर सोडवताना ती तुटू नये म्हणून त्यांनी ती शेपटीकडून बोटाबोटाने मागे घेतली, गुंडाळली आणि क्रिस्टलच्या बाटल्यांशेजारी ठेवली. नव्याच्या दोन अँटेना त्यांनी एकमेकींना काटकोनात चिकटवल्या, नवी मोठी बॅटरी बसवली, मग सगळे सर्वो हाताने अडवून धरले आणि मीटरवर पाहत बसले की व्होल्ट किती खाली येतात. दहा वेळा पाहिलं.

रविवारी पहाटे नेऱ्याच्या पुढे, गाढेश्वरच्या वाटेला, कापणी झालेल्या भाताच्या खाचरात गेलो. प्रबळगडाच्या मागून ऊन यायच्या आत पोचायचं होतं, कारण वारा तोवरच शांत असतो. ट्रान्समीटर कमी शक्तीवर ठेवून काका तीस पावलं चालत गेले, नात विमान धरून उभी राहिली, सर्व कळा हलवून पाहिल्या. मग ग्लायडर हातातून सुटलं. आठ मिनिटं ते आमच्यावर गोल फिरत होतं, दोन घारी त्याच्या वर. एकदाही दचकलं नाही. काका उतरवून आले आणि म्हणाले, "चांगला आहे." खिशाला चव्वेचाळीस नंबरचा चिमटा तसाच होता.

एवढं लांब मात्र रेडिओसाठी यावं लागलं नव्हतं. ड्रोनसाठीचे २०२१चे नियम मॉडेल विमानांनाही लागू आहेत. शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या मॉडेलना त्यात टाइप सर्टिफिकेटची सूट आहे, आकाशाची नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत बंधनं आहेत. आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय मुळीच उडवायचं नाही, आठ ते बारामध्ये २०० फुटांपर्यंतच, त्यापलीकडे ४०० फूट. नियम मोडला तर दंड एक लाख रुपयांपर्यंत. पनवेल शहर विमानतळाच्या कुंपणाला लागून आहे. खारघर, कामोठे, कळंबोली, जिथे जिथे काकांच्या आठवणीतली मैदानं होती, ती सगळी या वर्तुळात गेली. ३७०० मीटर लांबीच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानात शेकडो माणसं असतात, तेव्हा नियमाबद्दल कुणाचीच तक्रार नाही. आकाश पुन्हा एकाच चॅनेलचं झालंय आणि चिमटा आता विमानतळाच्या हातात आहे, हे काकांइतकं लवकर कुणी समजून घेतलं नसेल. अडचण एवढीच की लावायला फळीच कुठे नाही.

वर्तुळाबाहेरची खाचरंही भराभर जात आहेत. आम्ही उडवलं त्याच्या शेजारच्या तुकड्याला सिमेंटचे खांब लागले होते. पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात वारा. हाताशी येतात ते डिसेंबर ते फेब्रुवारीतले बाराएक रविवार. त्यात सुटे भाग. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सुट्या भागांवर नाही, पण ट्रान्समीटर म्हणजे बिनतारी यंत्र, त्याला मंजुरीचा कागद लागतो, आणि नातीचं एक पार्सल त्या कागदावाचून महिनाभर अडकून राहिलं. वेगवेगळ्या कंपन्यांचे रेडिओ सहसा एकमेकांच्या रिसीव्हरशी बोलत नाहीत, म्हणून एक चुकीची खरेदी म्हणजे सगळी विमानं जमिनीवर. जुन्याच्या वाट्याला तर दुरुस्तीच उरलेली नाही. क्रिस्टल फुटला की संपलं.

एनसीसीच्या हवाई विभागात आजही एरोमॉडेलिंग शिकवतात. पनवेलच्या मुलांना ते शिकून उडवायला जागा हवी असेल, तर ती मागण्याची वेळ हीच आहे. विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी, म्हणजे नैनासाठी, सिडकोकडे २०१३ साली नियोजन आलं. तेव्हा विमानतळापासून साधारण २५ किलोमीटरच्या वर्तुळातली गावं त्यात धरली होती. बंधनाचं वर्तुळ १२ किलोमीटरचं आहे. नैनाच्या नगररचना योजनांमध्ये बागा, शाळा, मैदानं यांच्या जागा आखल्या जात आहेत. मधल्या पट्ट्यात दोनशे मीटर लांब, साठ मीटर रुंद, कडेने विजेच्या तारा नसलेला एक सपाट तुकडा मॉडेल विमानांसाठी राखून ठेवावा, अशी सिडकोला विनंती आहे. फळी आणि चिमटे काकांकडे तयार आहेत.