वाचनालयातील चित्रांची पुस्तके : निवड मुलांवर सोपवा



या पानावर एरवी लागण, खत आणि कीड यांविषयी चार शब्द असतात. या वेळचा विषय वेगळा असला तरी तो निवडीचाच आहे. बेणे घेताना आपण नऊ ते अकरा महिन्यांचा, रसरशीत, फुगीर डोळ्यांचा ऊस पाहतो. स्वस्त मिळतो म्हणून खोडव्याचे बेणे गाडीभर आणून टाकत नाही. गावच्या वाचनालयात मुलांची पुस्तके घेताना मात्र पुष्कळ ठिकाणी हाच प्रकार चालतो. मार्च जवळ आला की अनुदान खर्ची पडले पाहिजे म्हणून मोठ्या सवलतीचा गठ्ठा येतो, नोंदवहीत आकडा चढतो आणि पुस्तके कपाटात कुलूपबंद होतात.

वाचनालये आपल्याकडे जुनी आहेत. कोल्हापूर संस्थानात १९४५ सालीच ग्रंथालयांचा कायदा झाला आणि महाराष्ट्राचा कायदा १९६७ सालचा. वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि त्या वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. पण वर्ग कोणताही असो, पुस्तके कोणती घ्यायची हे मोठी माणसेच ठरवतात. ज्यांना ती वाचायची आहेत त्यांना कोणी विचारत नाही.

आपल्या कार्यक्षेत्रातील एका गावच्या वाचनालयात गेल्या गाळप हंगामात आम्ही थोडे वेगळे करून पाहिले. जाजमावर चित्रांची वीसेक पुस्तके मांडली. प्रत्येक मुलाच्या हातात तीन चिंचोके दिले आणि सांगितले, पुस्तके तासभर चाळा आणि पुन्हा बघावेसे वाटेल त्या पुस्तकावर चिंचोका ठेवा. समितीतले एक जुने सभासद म्हणाले, "साहेब, पोरं फाडत्यात हो पुस्तकं." मी म्हटले, "वापरलं तर फाटणारच, अण्णा. न वापरलेलं वाळवी खाती."

समितीने पहिल्या नंबरात धरलेले जाडजूड, सोनेरी अक्षरांचे बोधकथांचे पुस्तक होते. त्यावर दोनच चिंचोके पडले. ढीग पडला तो माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांवर. या बाईंची शब्द आणि चित्रे दोन्ही स्वतःची असतात. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. 'राधाचं घर'मध्ये एक लहान मुलगी आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते, एवढाच विषय. त्यात राजा नाही, राक्षस नाही आणि शेवटी तात्पर्यही नाही. पण पोरांना त्यात आपली आजी दिसली, आपले आजोबा दिसले.

दुसरा ढीग अमेरिकेतील एरिक कार्ल यांच्या भुकेल्या अळीच्या पुस्तकावर. हे १९६९ सालचे. अळी सोमवारी एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन नासपती, असे वाढत जाते आणि जिथे अळीने खाल्ले तिथे पानाला खरोखरच भोक पाडलेले आहे. पोरे त्या भोकात बोट घालून वार आणि आकडे मोजत होती. दुसऱ्याच दिवशी एका पोराने बापाच्या सुरू उसातला मेलेला पोंगा उपटून आणला आणि विचारले, "ह्यातली अळी पण फुलपाखरू हुती का?" मी सांगितले, हिचाही कोष होतो, पण त्यातून पतंग निघतो. खोडकिडीचा जीवनक्रम शिकवायला मला एरवी तक्ते लागतात.

तेव्हा निवड करताना चार गोष्टी पाहाव्यात. एक, मजकुरावर हात ठेवून नुसती चित्रे पाहा. गोष्ट पुढे सरकते का? दोन, चित्र खरे आहे का? बैलाचे जू मानेवर सोडून भलतीकडेच दाखवले असेल तर शेतकऱ्याचे पोर हसते आणि पुस्तक ठेवून देते. तीन, एकदा मोठ्याने वाचून पाहा. जीभ अडखळली तर मुलांचीही अडखळेल. चार, शिवण पाहा. नुसत्या डिंकाने चिकटवलेली पाने हंगामभरही टिकत नाहीत. सवलत किती हा प्रश्न या चौघांच्या नंतरचा.

चांगली पुस्तके महागच असतात असे नाही. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टने मुलांसाठी नेहरू बाल पुस्तकालय ही माला काढली आणि एकच पुस्तक अनेक भारतीय भाषांत कमी किमतीत दिले. प्रथम बुक्स ही संस्था २००४ साली सुरू झाली. त्यांच्या २०१५ सालच्या स्टोरीविव्हरवर मराठीसह अनेक भाषांतली चित्रांची पुस्तके मोबाईलवर फुकट वाचता येतात आणि लेखक-चित्रकारांचे श्रेय देऊन छापूनही घेता येतात.

आता मुख्य मुद्दा. त्या दिवशी दाराबाहेर ऊसतोडणी टोळीतली चार पोरे उभी होती. त्यांना आत बोलावले. त्यांतल्या एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीला अक्षरओळख नव्हती. तरी मांडीवरच्या भावाला चित्रे दाखवत तिने अख्खे पुस्तक आपल्या मनाने सांगितले आणि मग विचारले, "खोपीवर नेऊ का?" वाचनालयाचा नियम असा की अनामत रक्कम भरावी आणि गावातला पत्ता द्यावा. तिच्याजवळ दोन्ही नव्हते. पुस्तक तिथेच राहिले.

आपला ऊस वेळेवर तुटतो तो या पोरांच्या आईबापांच्या कोयत्यावर. ऑक्टोबर-नोव्हेंबरला ती येतात आणि मार्च-एप्रिलला जातात. शाळेचे निम्मे वर्ष उसाच्या फडात निघून जाते. अक्षरे मागे पडलेल्या पोराला नुसत्या मजकुराचे पुस्तक दिले तर ते तोंड फिरवते. चित्रांचे पुस्तक मात्र त्याला त्याच दिवशी उघडता येते.

म्हणून सूचना अशी. प्रत्येक गट कार्यालयात चित्रांच्या पंधरा-वीस पुस्तकांची एक पिशवी ठेवावी. चिटबॉय रोज फडावर जातोच, त्याने आठवड्याला पिशवी एका खोपीवरून दुसऱ्या खोपीवर न्यावी. अनामत नको, मुकादमाची सही पुरे. फाटलेल्या पुस्तकाला दंड नाही, डिंक-दोऱ्याची व्यवस्था करावी. निवड चिंचोक्यांनीच व्हावी आणि त्यात टोळीच्या पोरांनाही तीन-तीन चिंचोके मिळावेत.

गावच्या वाचनालय समितीवर आपल्यापैकी पुष्कळ सभासद आहेत. येत्या हंगामापूर्वी समितीच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि ज्या गावांची तयारी असेल त्यांनी आपल्या गट कार्यालयात नाव नोंदवावे. पहिली पिशवी भरायला मी स्वतः येईन.

आपला,
ऊस विकास अधिकारी