पिवळा दिवा हे लक्षण, आजार नव्हे

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे सोडले की सुकेळी खिंडीचा चढ लागतो. या चढावर गाडी झटके देऊ लागते, पिकअप जातो आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. खांबच्या पुढे-मागे एखादे गॅरेज गाठून चालक म्हणतो, ‘स्कॅनर लावा, कोडमध्ये जो पार्ट येईल तो बदला.’ खर्च वाढतो आणि दोष राहतो तो इथेच.

आजच्या गाडीत इंधन किती फवारायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची, हे एक छोटा संगणक म्हणजे ‘ईसीयू’ ठरवतो. सेन्सर त्याला हवा, तापमान आणि धुरातला ऑक्सिजन कळवतात. मापे अपेक्षेबाहेर गेली की तो कोड नोंदवतो. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात इंधन कमी, हवा जास्त. हे ऑक्सिजन सेन्सरने कळवले म्हणून सेन्सरच बदलणे म्हणजे ताप दाखवला म्हणून थर्मामीटर फेकणे. खरे कारण फाटलेला हवेचा पाइप, कमजोर फ्युएल पंप किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर असू शकते.

म्हणून तपासणीला क्रम हवा. आधी ‘इतिहास’: त्रास थंड इंजिनात, चढावर की पावसानंतर? मग कोड आणि त्या क्षणाची नोंदलेली मापे लिहून घ्यावीत. ती पुसण्याची घाई नको. त्यानंतर डोळ्यांनी तपासणी: बॅटरीची टर्मिनल्स, पाणी शिरलेले कनेक्टर, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. कोकणच्या पावसाळ्यात ही पायरी टाळून चालत नाही.

शेवटी एका वेळी एकच बदल. समजा, पेट्रोल गाडीत ‘पी ०३०१’ आला, म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग करतोय. पहिल्याची इग्निशन कॉइल दुसऱ्यावर बसवावी. आता ‘पी ०३०२’ आला तर दोष कॉइलचा. कोड जागचा हलला नाही तर प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासावे. पार्ट विकत न घेता मिळालेला हा पुरावा आहे. दुरुस्तीनंतर कोड पुसून, त्याच चढावर गाडी चालवून पुन्हा तपासले की उपचार पूर्ण.

हा प्रश्न फक्त खिशाचा नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली, पण ती धूर शुद्ध करणारी यंत्रणा शाबूत असेल तरच उपयोगी. मिसिंगमध्ये न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो अतितापून निकामी होतो. मग कार्बन मोनॉक्साइड तसाच बाहेर पडतो. या वायूला रंग नाही, वास नाही आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डिझेलच्या धुराला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे. रस्त्याकडेच्या घरांतल्या मुलांना आणि दमेकऱ्यांना तो रोज श्वासात घ्यावा लागतो.

दिवा स्थिर असेल तर लवकर तपासणी करावी. लुकलुकत असेल तर वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी, पण वाळल्या गवतावर नको. तापलेल्या कन्व्हर्टरने ते पेटू शकते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. गाडीत डोके दुखू लागले, मळमळले किंवा गुंगी आली तर आधी मोकळ्या हवेत यावे आणि थेट रुग्णालय गाठावे. गाडीचा दोष नंतरही शोधता येतो.