कायद्याचे शिक्षण : अटी, अभ्यासक्रम आणि सनद

औंध व आसपासच्या गावांतील मुले-मुली आता बारावी आणि पदवीपर्यंत पोहोचत आहेत, ही समाधानाची बाब आहे. पुढे काय, असे विचारले की पोलीस भरती, नर्सिंग, डी.एड., आयटीआय ही नावे चटकन निघतात. कायद्याच्या शिक्षणाचे नाव मात्र क्वचितच निघते. आम्ही बँकेत कारकुनी करतो. शैक्षणिक कर्जाच्या चौकशीला येणाऱ्या पालकांशी बोलताना असे दिसते, की "वकिली म्हणजे फार हुशार आणि पैसेवाल्यांचे काम" ही समजूत अजून गेलेली नाही. वस्तुस्थिती तशी नाही. या शिक्षणात गुणांची अट माफक आहे. मुले अडतात ती दाखले, हजेरी आणि मुदती यांच्यापाशी. म्हणून या अटी एके ठिकाणी, क्रमाने सांगण्याचा हा प्रयत्न.

कायदा आपल्या कामाचा कसा?

ज्या औंध संस्थानात आपले आजोबा-पणजोबा राहिले, त्या संस्थानाने १९३९ साली प्रजेला स्वराज्याची राज्यघटना दिली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे बॅरिस्टर पुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांनी ती महात्मा गांधींच्या सल्ल्याने घडविली. याच संस्थानातील आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत, स्वतंत्रपूर, उभी राहिली. आज आटपाडी सांगली जिल्ह्यात आणि औंध सातारा जिल्ह्यात आहे. पण कायद्याकडे माणुसकीने पाहण्याचा हा वारसा दोघांचा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे प्राथमिक शिक्षण साताऱ्यात झाले. १९२२ साली ते लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९३५ साली मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. महाडच्या सत्याग्रहाची आठवण आपण दरवर्षी करतो. परंतु चवदार तळ्याचा दिवाणी दावा १९२७ पासून चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली आपल्या बाजूने लागला, हे फार थोड्यांना माहीत असते. सत्याग्रह दोन दिवसांत झाला. कागदावरची लढाई दहा वर्षे चालली. ती लढायला कायदा शिकलेला माणूस घरचाच होता.

अमरावतीत शिकलेले न्यायमूर्ती भूषण गवई हे २०२५ साली भारताचे सरन्यायाधीश झाले. बौद्ध समाजातून त्या पदावर गेलेले ते पहिलेच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि सातारा-सांगलीच्या पक्षकारांची उच्च न्यायालयासाठीची मुंबईवारी टळली. वकिलांना आपल्या भागातच काम वाढणार, हे उघड आहे.

दोन वाटा

कायद्याची पदवी दोन मार्गांनी मिळते. पहिला मार्ग बारावीनंतरचा. कोणत्याही शाखेची बारावी झालेल्यास पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम घेता येतो. यात बी.ए. आणि एलएल.बी. अशा दोन पदव्या एकत्र मिळतात. तीन वर्षांनी नुसती बी.ए. घेऊन बाहेर पडू, असे चालत नाही. पदवीधर आहे म्हणून मधल्या वर्षाला थेट प्रवेशही मिळत नाही.

दुसरा मार्ग पदवीनंतरचा. कला, वाणिज्य, विज्ञान अशी कोणतीही पदवी झाल्यावर तीन वर्षांत एलएल.बी. करता येते. वकिलीच्या दृष्टीने दोन्हींचा दर्जा सारखाच. बारावीतच मनाशी नक्की झाले असेल तर पहिल्या मार्गाने एक वर्ष वाचते. नक्की नसेल तर आधी पदवी घ्यावी. काही बिघडत नाही.

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांप्रमाणे बारावीला (किंवा दुसऱ्या मार्गासाठी पदवीला) खुल्या प्रवर्गास ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांस ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींस ४० टक्के गुण लागतात.

येथे एक धोक्याचे वळण आहे. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते. पण दहावी-बारावी न करता, केवळ पूर्वतयारी परीक्षेवर थेट घेतलेली मुक्त विद्यापीठाची पदवी कायद्याच्या प्रवेशास चालत नाही. तसेच पत्राने घरबसल्या एलएल.बी. करून देतो, अशी जाहिरात कोणी दाखविली तर त्या वाटेला जाऊ नये. अशा पदवीवर सनद मिळत नाही.

प्रवेश परीक्षा आणि महाविद्यालये

राज्यातील प्रवेश शासनाच्या सीईटीमार्फत होतात. तीन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमांची सीईटी वेगवेगळी असते. प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर मराठीतही असते आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. अर्ज बहुधा बारावीच्या व पदवीच्या निकालाआधीच भरून घेतात. निकालानंतर बघू, असे म्हणणाऱ्याचे एक वर्ष जाते.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची परीक्षा निराळी. तिचे नाव क्लॅट. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे आहेत. तेथील खर्च अधिक, इंग्रजीही चांगले लागते. परंतु ज्याची तयारी आहे त्याने दबकू नये.

आपल्याला जवळची महाविद्यालये म्हणजे साताऱ्याचे रयत शिक्षण संस्थेचे इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालय, सांगलीतील विधी महाविद्यालये आणि कोल्हापूरचे १९३३ सालचे शहाजी विधी महाविद्यालय. पुण्याचे आयएलएस हे १९२४ पासूनचे नामांकित महाविद्यालय आहे. महाविद्यालय कोणतेही निवडा. त्याला विधिज्ञ परिषदेची मान्यता चालू आहे की नाही, हे प्रवेशापूर्वी विचारावे.

शिकवितात काय?

संविधान, करार, गुन्हेगारी कायदा, दिवाणी प्रक्रिया, मालमत्ता, कुटुंब, कामगार, पर्यावरण, कंपनी, करआकारणी असे विषय सक्तीचे असतात. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली; फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही बदलले. म्हणून थोरल्या भावाची जुनी पुस्तके या विषयांना चालणार नाहीत. नवी घ्यावीत.

पुस्तकांबरोबर प्रत्यक्ष कामाचेही विषय आहेत. दावा, कैफियत, खरेदीखत यांचे मसुदे लिहिणे, व्यवसायाची नीतिमत्ता, तडजोडीच्या पद्धती आणि अभिरूप न्यायालय, म्हणजे वर्गातच खटला उभा करून बाजू मांडणे. विद्यार्थ्याने खऱ्या न्यायालयात बसून खटल्याचे कामकाज पाहायचे आणि वहीत नोंदवायचे असते. याशिवाय वकिलाकडे किंवा संस्थेत उमेदवारी करावी लागते : तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे. आपल्या मुलांनी सुट्टीत वडूजच्या न्यायालयात जाऊन कामकाज पाहावे. भाषेची भीती नको. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे.

इंग्रजीकडे पाठ फिरवून मात्र चालणार नाही. उच्च न्यायालयाचे काम आणि बहुतेक निवाडे इंग्रजीत असतात. रोज एक पान मोठ्याने वाचण्याची सवय अकरावीपासून लावावी.

हजेरीची अट ७० टक्क्यांची आहे. पूर्वी नोकरदार मंडळी दिवसा नोकरी आणि रात्री कायद्याचे वर्ग करून वकील होत. आता पूर्ण वेळेच्या अभ्यासक्रमाचे वर्ग सकाळी ८ ते सायंकाळी ७ याच वेळेत भरवावे लागतात. एकाच वेळी दुसरी नियमित पदवीही करता येत नाही. त्यामुळे ही तीन किंवा पाच वर्षे मुलाला घरकामातून आणि शेतातून मोकळे करण्याची तयारी घरच्यांनी आधी करावी. मुलीच्या बाबतीत तर हे आवर्जून सांगावेसे वाटते. "कॉलेजात नाव घालून ठेवू, लग्नाचे बघू," या हिशेबात हजेरी भरत नाही.

दाखले आणि पैसा

जातीचा दाखला, जात पडताळणी प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला, ही तीन कागदपत्रे आधी तयार हवीत. पडताळणीसाठी आपले घराणे १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म-मृत्यूची जुनी गावनोंद उपयोगी पडते. ही शोधाशोध वेळ खाते. अकरावीतच सुरू करावी. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्राच्याही सवलती मिळाल्या. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखल्यात मूळ जातीचा उल्लेख लागतो. नुसते "बौद्ध" लिहून भागत नाही.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा. वसतिगृहात जागा न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. तरीही कमी पडले तर शैक्षणिक कर्ज आहे. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. पालकाला सहकर्जदार म्हणून सही करावी लागते. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात, पण व्याजाची आकारणी आधीपासून होते. ते जमेल तसे भरत राहिल्यास बोजा हलका राहतो.

पदवीनंतर

एलएल.बी. झाले म्हणजे वकील झाले, असे नाही. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलमध्ये नाव नोंदवून सनद घ्यावी लागते आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. नोंदणीच्या फीची मोठी अडचण होती. निरनिराळ्या राज्यांत ती हजारोंच्या घरात गेली होती. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कायद्यात लिहिल्यापेक्षा जास्त फी घेता येणार नाही. खुल्या वर्गास ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींस १२५ रुपये. हा आकडा प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावा. मुद्रांक शुल्क लागू असल्यास तेवढे वेगळे.

पूर्ण वेळ पगारी नोकरी आणि वकिली एकाच वेळी करता येत नाही, हेही ध्यानात असावे. ज्यांना न्यायाधीश व्हायचे आहे त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली आहे. म्हणजे पदवीनंतरची पहिली तीन वर्षे एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे, तुटपुंज्या कमाईवर काढावी लागणार. या काळाची तरतूद घरात आधी बोलून ठेवावी. बरीच गुणी मुले येथेच गळतात.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, तसेच सर्व स्त्रिया व मुलांना, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. हक्क कागदावर आहे. तो मागायला कोठे जायचे, अर्ज कसा लिहायचा, हे सांगणारे माणूस गावात हवे. सातबाऱ्यावरील वारसनोंद, पोटगी, मजुरीची थकबाकी अशा कामांसाठी आपली माणसे अजून दुसऱ्याच्या ओसरीवर तिष्ठत बसतात. वस्तीतले एक मूल कायदा शिकले, तर हे तिष्ठणे पुष्कळ कमी होईल.

तेव्हा ज्यांच्या घरी यंदा अकरावीत मूल आहे, त्यांनी एक साधी फाईल आणावी आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून ती भरायला लागावे.