समितीतला सामान्य माणूस

रुग्णालयात नव्या औषधाची चाचणी घ्यायची तर आधी नैतिकता समितीची (सहभागी रुग्णांची सुरक्षितता आणि हक्क जपणाऱ्या मंडळाची) मंजुरी लागते. भारतातील २०१९ च्या नियमांनुसार या समितीत किमान सात सदस्य असतात, निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे. त्यांत एक सामान्य नागरिक हवाच. तो गैरहजर असेल, तर चाचणीच्या आराखड्यावर विचारच करता येत नाही.

‘ज्याला औषधातलं कळत नाही, तो तिथे काय करणार?’ असा प्रश्न अनेकांना पडतो, आणि तो स्वाभाविक आहे. पण औषधाचे गुणदोष तपासायला तिथे डॉक्टर असतातच. इमारतीच्या पुनर्विकासाचा नकाशा वास्तुविशारद काढतो. मधल्या काळात राहायचं कुठे, भाडं कोण देणार, हे मात्र रहिवासीच विचारतात. सामान्य सदस्याचे प्रश्न याच जातीचे. संमतिपत्र (धोके समजून घेऊन स्वेच्छेने सही करण्याचा कागद) साध्या मराठीत आहे का? अपाय झाल्यास उपचारांचा खर्च कोणाचा? मधेच बाहेर पडलं तर नेहमीचे उपचार चालू राहतील ना? संमतिपत्राचं मराठी भाषांतर कधीकधी मूळ इंग्रजीहून अवघड असतं, तेव्हा ‘मला हे समजलं नाही’ एवढं म्हणणारा माणूसही मोलाचा ठरतो.