मनगटावरची शर्यत

क्रोनोग्राफ हा शब्द मला त्या घड्याळाच्याही आधी आवडला. मूळ ग्रीक, अर्थ 'काळ लिहिणारा'. कवीला एवढं पुरे. पण ही काही कविकल्पना नाही बरं का! १८२१ साली पॅरिसमधल्या घोड्यांच्या शर्यतीत निकोला रिसेक या घड्याळजीनं एक यंत्र आणलं. घोड्यानं रेषा ओलांडली की कळ दाबायची, की फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका पडायचा. काळ खरोखरच लिहिला जात होता.

पुढं शाई गेली, नाव राहिलं. आजचा क्रोनोग्राफ म्हणजे नेहमीच्या घड्याळात बसवलेलं स्टॉपवॉच. बाजूला बहुधा दोन कळा असतात. एकीनं मधला लांब काटा सुरू होतो नि थांबतो. दुसरीनं तो शून्यावर परततो. वेळ दाखवणारे काटे आपले चालूच. कडेनं जे आकडे कोरलेले दिसतात, ते पुष्कळांना नक्षी वाटतात. तो टॅकीमीटर. गाडीनं एक किलोमीटर कापेपर्यंत काटा धावू द्या. ३० सेकंद लागले तर काट्यासमोर १२० हा आकडा येतो, म्हणजे वेग ताशी १२० किलोमीटर. ३६०० भागिले सेकंद, एवढंच गणित. फक्त उत्तरं आधीच कोरून ठेवलेली.

घोड्यांची जागा मोटारींनी घेतली. हॉयर या स्विस कंपनीनं १९६३ मध्ये 'कारेरा' घड्याळ काढलं, ते मेक्सिकोतल्या एका जीवघेण्या शर्यतीचं नाव घेऊन. १९६९ मध्ये तिनं जो सिफर्ट या स्विस चालकाशी करार केला. मोठा खटपट्या माणूस! कंपनीकडून घाऊक भावात घड्याळं घ्यायची आणि शर्यतीच्या तळावर इतर चालकांना विकायची, हा त्याचा जोडधंदा. 'ल मां' चित्रपटात स्टीव्ह मॅक्क्वीनला हुबेहूब सिफर्टसारखं दिसायचं होतं, म्हणून त्याच्या अंगावर हॉयरचं चिन्ह आलं आणि मनगटावर चौकोनी 'मोनॅको'. चित्रपट १९७१ मध्ये आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचच्या शर्यतीत सिफर्टच्या गाडीला आग लागली आणि तो गेला. त्या घड्याळांमागे अशी माणसं होती.

दरम्यान १९६९ च्या नाताळात सेकोनं क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं. अचूकपणात चाकं आणि स्प्रिंग हरल्या. शर्यतीची वेळ विजेची यंत्रं मोजू लागली. गरज संपली आणि, गंमत बघा, थाट सुरू झाला. फेरारीचं नाव आधी जिरार-पेरगो, मग पानेराई आणि २०११ नंतर काही वर्षं हुब्लोच्या घड्याळांवर आलं. ब्राइटलिंग आणि बेंटले यांची भागीदारी २००३ च्या सुमारास जमली, ती २०२१ मध्ये संपली. तिच्यातल्या काही क्रोनोग्राफांचा मधला काटा ३० सेकंदांतच फेरी पुरी करतो.

माझं स्पष्ट मत सांगतो. यातल्या बऱ्याच घड्याळांत मोटारीचं म्हणून असतं ते तबकडीवरचं चिन्ह आणि पट्ट्यावरची रंगीत शिलाई. किंमत मात्र लाखांत. ज्येजर-लकुल्त्रनं अ‍ॅस्टन मार्टिनसाठी केलेलं 'एमव्हॉक्स २' मला खरं वाटतं, कारण तिथं डोकं लढवलंय. त्याला कळाच नाहीत, काचच दाबायची. वर दाबलं की काटा सुरू, खाली दाबलं की शून्यावर. एका आवृत्तीत तर काचेला स्पर्श करून मोटारीचं दारही उघडतं.

'मर्यादित आवृत्ती' हे शब्द मागच्या झाकणावर कोरले म्हणून भाव चढतोच असं नाही. संग्राहक शोधतात ते घड्याळ कोणाच्या हातावर होतं हे. अभिनेता पॉल न्यूमन स्वतः शर्यतीत मोटारी चालवायचा. त्याचं रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरना गेलं. तबकडीवर कुठल्याही मोटार कंपनीचं नाव नव्हतं. मागच्या बाजूला पत्नीनं कोरून घेतलेला मजकूर होता: गाडी जपून चालव. खाली सही म्हणून फक्त 'मी'.