नाताळाआधीचे चार रविवार

डिसेंबर लागला की उल्हासनगरच्या बाजारात कागदी चांदण्या आणि सांताच्या टोप्या येतात. चर्चमध्ये मात्र तेव्हा नाताळ नसतो, आगमनकाळ असतो. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे हा काळ. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान कधीही पडतो, त्यामुळे हे दिवस कधी २२ भरतात, कधी २८.

धर्मगुरूंची वस्त्रे या दिवसांत जांभळी असतात. रविवारच्या मिस्सेत एरवी म्हटले जाणारे गौरवगीत बंद असते, ते नाताळच्या रात्री पुन्हा घुमते. १६ डिसेंबरपर्यंतच्या प्रार्थनांचा रोख तर बाळ येशूवर नसून ख्रिस्ताच्या पुनरागमनावर असतो. बेथलेहेमची वाट त्यानंतर सुरू होते. हिरव्या चक्रातल्या चार मेणबत्त्यांपैकी दर रविवारी एकेक जास्त पेटवतात. ही चाल मात्र तशी अलीकडची. हॅम्बुर्गमध्ये अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या योहान विखर्न या धर्मोपदेशकाने १८३९ मध्ये गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, कारण नाताळला किती दिवस उरले, असे मुले सारखी विचारत.

अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात कारखान्यांच्या निमित्ताने केरळची अनेक ख्रिस्ती कुटुंबे स्थिरावली. त्यांच्यातल्या सिरो-मलबार पंथीयांसाठी १९८८ मध्ये कल्याणचा धर्मप्रांत स्थापन झाला. हे लोक १ डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचा 'नोम्बु' पाळतात, मांसाहार सोडतात. त्यांचे चार रविवारही वेगळे: जखऱ्याला मिळालेली वार्ता, मरियेला मिळालेली वार्ता, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा जन्म, योसेफाला मिळालेली वार्ता. एकाच लोकलने कामाला जाणारे दोन शेजारी एकाच जन्माची वाट अशा दोन रीतींनी पाहतात. केकच्या आणि कपड्यांच्या खरेदीत ही वाट पाहणे हरवू नये, असे मला फार वाटते. उपवास नसेल, तर सणाला गोडी कुठून येणार?

मराठीला हे वाट पाहणे नवे नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' हे मराठी काव्य १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची सारी कथा ओव्यांतून येते. तारणारा येईल, या आशेवर पिढ्यामागून पिढ्या सरतात. येशूचा जन्म दुसऱ्या पुराणात आहे. पहिले छत्तीस अध्यायांचे आहे, आणि क्रमाने वाचणाऱ्याला ते सगळे पार करूनच गोठ्यापाशी पोहोचता येते.